बटण पेशंटच्याच हातात: वेदनाशामक पंप सुरक्षितपणे कसा वापरायचा

‘सिस्टर, तो झोपेत कण्हत होता म्हणून मीच दोन-तीनदा बटण दाबलं. त्याला उठवायला जीव होईना.’

रात्री अडीच वाजता एका माउलीने मला हे सांगितलं तेव्हा तिचा मुलगा मिनिटाला सातच श्वास घेत होता. पोटाचं ऑपरेशन होऊन जेमतेम दहा तास झाले होते. हाक मारली की पापणी हलायची, पण उत्तर येत नव्हतं. पंप बंद केला, भूलतज्ज्ञांना बोलावलं, आणि थोड्या वेळाने मुलगा बोलू लागला. ती माउली मात्र पुढे दोन दिवस त्या पंपाकडे बघायलाही तयार नव्हती. चूक तिची नव्हती. बटण कोणी दाबायचं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि ते सांगायचं काम आमचं होतं.

नाशिकमध्ये सर्जिकल वॉर्डात माझी बरीच वर्षं गेली. हा लेख पेशंटच्या घरच्यांसाठी आहे, आणि वॉर्डात नव्याने रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठीही. औषध कोणतं आणि किती, हे भूलतज्ज्ञच ठरवतात. खाली जे आकडे येतील ते यंत्र कसं चालतं हे कळावं म्हणून दिले आहेत.

पंप काय करतो, आणि काय करत नाही

पीसीए पंप म्हणजे पेशंटने स्वतः बटण दाबून वेदनाशामक घेण्याचं यंत्र. सिरिंजमध्ये मॉर्फिन किंवा फेंटानिलसारखं औषध भरलेलं असतं. दुखलं की पेशंट बटण दाबतो आणि ठरवून दिलेला छोटा डोस थेट शिरेत जातो. या पद्धतीचं बाजारात आलेलं पहिलं यंत्र वेल्समधल्या कार्डिफचं, १९७६ सालचं. त्यामागचा विचार साधा होता: दुखणं ज्याचं, त्यालाच ते किती आहे हे कळतं. दर चार-सहा तासांनी सुई टोचेपर्यंत कण्हत पडण्यापेक्षा थोडं थोडं औषध वेळेवर मिळालं तर माणूस खोकू शकतो, कूस वळतो, लवकर उठून बसतो.

मोठ्या माणसासाठी नेहमीची मांडणी साधारण अशी असते: एका दाबाला मॉर्फिन १ मिलिग्रॅम, त्यानंतर ५ ते १० मिनिटं पंप कुलूपबंद. या वेळेला लॉकआउट म्हणतात. त्या मिनिटांत बटण कितीही दाबलं तरी औषध जात नाही. बहुतेक पंपांत तासाची किंवा चार तासांची कमाल मर्यादाही घालता येते.

आता एक हिशेब करू. लॉकआउट ६ मिनिटांचा असेल आणि कोणी दर ६ मिनिटांनी नेमाने बटण दाबत राहिलं, तर तासाला १० मिलिग्रॅम मॉर्फिन जाईल. सत्तरीतल्या बारीक अंगाच्या आजीला एवढं औषध श्वास थांबवायला पुरेसं ठरू शकतं. त्यातच शिरेतून दिलेल्या मॉर्फिनचा पूर्ण परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. म्हणजे आधीच्या डोसचा जोर चढायच्या आत पुढचे दोन डोस जाऊ शकतात. ‘लॉकआउट आहे, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

मग पेशंट वाचतो कशाने? झोपेने. औषध जास्त होऊ लागलं की आधी गुंगी येते, डोळे मिटतात आणि हातातलं बटण सैल पडतं. पुढचा डोस जात नाही. पंपाची खरी कडी हीच आहे, आणि दुसऱ्या कोणी बटण दाबलं की ती निखळते. अमेरिकेत हॉस्पिटलांच्या दर्जावर देखरेख ठेवणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ च्या डिसेंबरमध्ये खास याच कारणासाठी इशारा काढला होता: पेशंटऐवजी दुसऱ्याने बटण दाबू नये. नवरा-बायको असोत, मुलं असोत की सिस्टर असो, नियम सगळ्यांना एकच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी

भूलतज्ज्ञ तपासायला येतात तेव्हा घरचे सहसा म्हणतात, ‘काही नाही डॉक्टर, एकदम तब्येतीत आहेत.’ इथे जरा थांबून आठवा.

पेशंट जोरात घोरतो का? घोरता घोरता मध्येच आवाज बंद होऊन मग दचकल्यासारखा श्वास घेतो का? हे शेजारी झोपणाऱ्यालाच माहीत असतं, म्हणून बायकोने किंवा नवऱ्याने सांगायचं. ही स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजाराची, खूण असू शकते, आणि अशा माणसाला मॉर्फिन फार जपून द्यावं लागतं. किडनीचा त्रास असेल तर मॉर्फिनचे उरलेले घटक शरीरात साठत जातात आणि गुंगी उशिरा पण खोल येते. वय जास्त, वजन फार, दमा किंवा छातीचा जुना आजार, हे सगळं सांगायचं. रोज रात्रीची झोपेची गोळी, ‘टेन्शनची’ गोळी, खोकल्याचं औषध, दारू, हेही. दारूचं सासूबाईंसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, पण सांगा. या सगळ्या गोष्टी मॉर्फिनबरोबर श्वासावर दुहेरी वजन टाकतात.

पेठ, सुरगाणा, कळवणकडून येणारे बरेच पेशंट गोळ्या सुट्या, कागदाच्या पुडीत घेऊन येतात. स्ट्रिप नसेल तर पुडीच दाखवा. गावच्या डॉक्टरांना फोन लावून नाव विचारता येतं.

बटण दाबायचं शिकवायची वेळही हीच. ऑपरेशननंतर अर्धवट शुद्धीत माणूस काही शिकत नाही. बटण आदल्या दिवशी हातात द्या, दाबायला लावा, आणि मग त्यालाच विचारा, ‘आता मला सांगा, हे कधी दाबायचं?’ त्याने आपल्या शब्दांत नीट सांगितलं तर कळलं समजायचं. नुसती मान हलवली तर पुन्हा सांगायचं. मालेगाव-सटाण्याकडच्या पेशंटला अहिराणीत आणि पेठकडच्याला त्याच्या बोलीत समजावणारं कोणीतरी वॉर्डात असतंच, बऱ्याचदा मावशी किंवा वॉर्डबॉय. त्यांना हक्काने बोलवा. बोटं संधिवाताने वाकडी झाली असतील, पेशंटला विसर पडत असेल, तो भांबावलेला असेल, किंवा मूल फार लहान असेल, तर हा पंप त्याच्यासाठी नाही. दुखणं थांबवायच्या दुसऱ्या पद्धती आहेत.

दुखणं मोजायलाही तेव्हाच शिकवावं. ‘शून्य ते दहामध्ये किती?’ हा प्रश्न शेतकरी आजोबांना परका वाटतो. मी विचारते, ‘आजोबा, दहा रुपयांपैकी किती रुपयांचं दुखतंय?’ उत्तर लगेच येतं: ‘सहा-सात रुपयांचं.’ केस पेपरवर तोच आकडा लिहिता येतो. त्याहून मोलाचा प्रश्न म्हणजे, ‘खोकता येतंय का?’ दुखणं शून्यावर आणायचं नसतं, खोकता आणि कूस वळता येईल इतकं ते उतरलं की पुरे.

पंप जोडताना

हा भाग सिस्टर-ब्रदरसाठी आहे, पण घरच्यांनीही वाचावा. त्या वेळी आम्हाला हाका मारून मध्ये थांबवू नये, एवढं तरी त्यातून कळेल.

पंपाच्या अपघातांची सुरुवात बऱ्याचदा औषध भरतानाच होते. मॉर्फिनच्या १ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये कधी १० मिलिग्रॅम असतं, कधी १५. काच सारखीच, आकार सारखाच. ५० मिलिलिटरची सिरिंज भरताना १० च्या पाच ॲम्प्यूल घेतल्या तर ५० मिलिग्रॅम होतं, म्हणजे मिलिलिटरला १ मिलिग्रॅम. त्याच सवयीने १५ च्या पाच घेतल्या तर ७५ मिलिग्रॅम होतं. पंपाला सांगितलेलं असतं, मिलिलिटरला १. प्रत्येक दाबाला जातं दीड. पंप बिघडलेला नसतो, पडद्यावर सगळं बरोबर दिसत असतं, आणि पेशंट तासागणिक खोल झोपेत जात असतो.

म्हणून दोघांनी तपासायचं, आणि वेगवेगळं तपासायचं. एकीने ‘पाच ॲम्प्यूल, ५० एमएल, बरोबर ना गं?’ म्हणायचं आणि दुसरीने ‘हो’ म्हणायचं, याला तपासणं म्हणत नाहीत. दुसरीने रिकाम्या ॲम्प्यूल हातात घेऊन आकडा स्वतः वाचायचा, हिशेब स्वतः करायचा, आणि मगच पहिलीचं उत्तर ऐकायचं. संपूर्ण हॉस्पिटलात मॉर्फिनची सिरिंज एकाच तीव्रतेची असावी, हा नियम करून घेण्यासाठी मी मॅट्रनशी आणि भूलतज्ज्ञांशी वाद घातलेला आहे, पुन्हा वेळ आली तर पुन्हा घालीन.

त्यानंतर पंपाचा पडदा वाचायचा, मोठ्याने: पेशंटचं नाव, औषध, तीव्रता, एका दाबाचा डोस, लॉकआउट, तासाची मर्यादा, आणि सतत चालणारा डोस. हा शेवटचा आकडा शून्यच असायला हवा, जोपर्यंत भूलतज्ज्ञांनी कारण देऊन वेगळं लिहिलेलं नाही. ज्याला आधी मॉर्फिनची सवय नाही त्याला सतत थेंबथेंब औषध सुरू ठेवलं तर पेशंट झोपला तरी ते थांबत नाही, आणि वर सांगितलेली कडी तिथेच निखळते. फेंटानिल मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि मॉर्फिन मिलिग्रॅममध्ये, तेव्हा एकक पाहिल्याशिवाय आकड्यावर बोट ठेवू नका. हाताने लिहिताना ‘१.०’ लिहू नका, टिंब पुसट झालं की त्याचे दहा होतात.

नळीचंही तितकंच महत्त्व आहे. पंपाची नळी सलाईनच्या नळीला जोडायची असेल तर उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह हवाच. हात वाकून कॅन्युला (शिरेत बसवलेली बारीक नळी) बंद पडली की औषध शिरेत न जाता सलाईनच्या नळीत वर चढत राहतं. तासाभराने कोणीतरी हात सरळ करतं, सलाईन धावू लागतं, आणि साठलेलं सगळं औषध एकदम आत जातं. सिरिंज पंप पेशंटच्या छातीच्या पातळीला ठेवायचा, स्टँडच्या टोकाला नाही, कारण सिरिंज नीट बसली नसेल किंवा तिला तडा असेल तर उंचीवरून औषध आपोआप ओढलं जातं. सिरिंज बदलताना नळी आधी क्लॅम्प करायची. ऑपरेशन थिएटरमधून वॉर्डात आणताना, लिफ्टमध्ये ट्रॉली वळवताना पंप पेशंटच्या पायाशी टाकून देतात तेही थांबवा. आणि वीज गेली की बॅटरी किती वेळ चालते, हे वीज असतानाच पाहून ठेवा.

पाठीच्या कण्याजवळ एपिड्यूरल नळी असलेल्या पेशंटचा पंप वेगळा, त्याचं लेबलही वेगळं हवं. त्यातलं सुन्न करणारं औषध चुकून शिरेत गेलं तर थेट हृदयावर परिणाम होऊ शकतो. दोन्ही नळ्या असतील तर प्रत्येक वेळी बोटाने नळी पार शरीरापर्यंत चाचपून पाहा.

काही ठिकाणी फुग्याच्या दाबावर चालणारा, वापरून टाकून द्यायचा छोटा पंप असतो. तो स्वस्त आणि सोपा, पण त्याला अलार्म नाही आणि किती वेळा दाबलं याची नोंदही नाही. तिथे डोळ्यांचा पहारा दुप्पट ठेवावा लागतो.

पहिली रात्र

पहिले चोवीस तास सगळ्यात जोखमीचे, आणि त्यातही रात्र. भुलेचा अंमल पुरता उतरलेला नसतो, दिवे मंद होतात, एका सिस्टरकडे खूप पेशंट असतात.

आपल्याकडची आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. पेशंटजवळ दिवसभर एक माणूस बसतो आणि रात्री दुसराच. दुपारी सगळं नीट ऐकलेली सून संध्याकाळी सीबीएसवरून कळवणची एसटी पकडते आणि तिच्या जागी पुतण्या येतो. त्याला बटणाचं काहीच माहीत नसतं. म्हणून नियम करा: माणूस बदलला की माहिती पुन्हा द्यायची. घरच्यांनीही जाताना जेवणाचा डबा जसा सोपवता तसं हेही सोपवा, ‘त्या बटणाला हात लावायचा नाही, दुखतंय म्हणाले तर त्यांनाच दाबू द्यायचं.’ बटणाच्या वायरला मराठीत चिठ्ठी बांधा, ‘हे बटण फक्त पेशंटने दाबायचे’. वाचता न येणाऱ्यांसाठी एक साधं चित्र काढा.

आता घोरण्याबद्दल. ‘बघा, किती शांत झोपलेत, दोन रात्रींनंतर पहिल्यांदा घोरताहेत,’ असं घरचे आनंदाने सांगतात. मॉर्फिन सुरू असलेल्या पेशंटच्या बाबतीत हे ऐकलं की मी हातातलं काम टाकून जाते. अशा पेशंटचं जड घोरणं, विशेषतः मध्ये मध्ये थांबणारं, म्हणजे घसा अर्धवट बंद होत असल्याची खूण असू शकते. त्याला घोरू देऊ नका. सिस्टरला बोलवा. उगाच बोलावलं असं वाटलं तरी चालेल.

सिस्टरने तपासताना क्रम असा ठेवावा. आधी हात न लावता, हाक न मारता, पूर्ण एक मिनिट छाती बघून श्वास मोजायचे. आधी उठवलं तर माणूस दचकून दोन-चार मोठे श्वास घेतो आणि आकडा खोटा येतो. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, थांबून थांबून चालणारा श्वास त्यात निसटतो. मग नाव घेऊन हाक मारायची. डोळे उघडून नीट बोलला तर ठीक. बोलता बोलता, वाक्याच्या मध्येच पुन्हा डोळे मिटले तर ती धोक्याची पहिली खूण. श्वास मंदावतो तो बहुतेकदा गुंगीनंतर, म्हणून श्वासाचा आकडा चांगला असला तरी गुंगी नोंदवायलाच हवी. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी, मग किमान पहिली रात्र दर तासाला, अशी सवय मी लावून घेतली आहे. हॉस्पिटलचा स्वतःचा तक्ता असेल तर तो पाळा.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर विसंबून राहू नका. नाकाला ऑक्सिजन लावलेल्या पेशंटचे श्वास निम्म्यावर आले तरी सॅच्युरेशन बराच वेळ ९७-९८ दाखवू शकतं. बाहेरून भरपूर ऑक्सिजन मिळत असतो, पण आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही आणि साठत जातो. तो मोजणारं यंत्र, कॅप्नोग्राफ, असेल तर जोखमीच्या पेशंटला जरूर लावा. नसेल तर माणसाचे डोळे आणि घड्याळाचा काटा. नेलपॉलिश आदल्या दिवशीच काढून टाका, आणि अलार्मचा आवाज रात्री कमी करू नका.

पंपात आणखी एक उपयोगी गोष्ट असते: किती वेळा दाबलं आणि किती वेळा औषध मिळालं, याचे दोन आकडे. एकदा एका आजोबांच्या पंपावर एका रात्रीत साठच्या वर दाब दिसले. दुखणं विचारलं तर म्हणाले, ‘दोन रुपयांचं.’ मग कळलं की ते रात्रभर लघवीसाठी आम्हाला बोलवत होते, त्यांना ते बटण म्हणजे बेल वाटत होती. तेव्हापासून मी बेल एका हाताशी आणि पंपाचं बटण दुसऱ्या हाताशी देते, आणि पंपाच्या बटणाला लाल चिकटपट्टी लावते. दाब खूप आणि डोस कमी दिसला तर तीनच शक्यता: दुखणं आटोक्यात नाही, वापर कळलेला नाही, किंवा बटण दुसरंच कोणी दाबतंय. तिन्हींसाठी कॉटजवळ जाऊनच बघावं लागतं.

उलट प्रकारही असतो. आजी रात्रभर दात-ओठ खात पडून राहतात आणि पंपावर दाब असतो शून्य. ‘सवय लागेल’ ही भीती, किंवा ‘उगाच औषध कशाला संपवायचं’. ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस देखरेखीखाली घेतलेल्या औषधासाठी एवढं घाबरायचं कारण नाही. वेदनेमुळे खोकला दाबून धरला तर कफ साठतो, न्यूमोनिया होऊ शकतो, हे त्यांना सांगा. ड्रेसिंगच्या किंवा उठवून बसवायच्या पाच-दहा मिनिटं आधी बटण स्वतः दाबायची त्यांना आठवण करून द्या.

गडबड झालीच तर

घरच्यांनी काय करायचं: मोठ्याने सिस्टरला हाक मारा आणि बेल दाबा. पेशंटचा खांदा हलवा, नाव घ्या, ‘श्वास घ्या, मोठा श्वास घ्या’ असं सांगत राहा. मॉर्फिनच्या गुंगीतला माणूस बऱ्याचदा सांगितलं की श्वास घेतो. बटण हातातून काढून बाजूला ठेवा. पाणी पाजू नका, आणि त्याला एकटं टाकून कॉरिडॉरमध्ये धावू नका.

सिस्टर-ब्रदरने: पंप बंद, नळी क्लॅम्प, हनुवटी वर उचलून श्वासाचा मार्ग मोकळा, ऑक्सिजन, गरज पडली तर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), आणि लगेच डॉक्टरांना कॉल. नॅलोक्सोन हा मॉर्फिनचा उतारा. ते कपाटात कुलूप लावून नाही, क्रॅश ट्रॉलीवर, म्हणजे तातडीच्या औषधांच्या ट्रॉलीवर हवं. ०.४ मिलिग्रॅमची ॲम्प्यूल सलाईन घालून १० मिलिलिटर करायची आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार १-२ मिलिलिटर देत दोन-तीन मिनिटं वाट बघायची. श्वास सुधारला की थांबायचं. सगळं एकदम दिलं तर वेदना एका झटक्यात परत येतात आणि बीपी उसळतो. श्वास पूर्ण थांबलेला असेल तर डॉक्टर मोठा डोस सांगतील, तोवर बॅग थांबू देऊ नका.

आणि इथे फसगत होते: पेशंट बोलू लागला की सगळे निर्धास्त होतात. नॅलोक्सोनचा जोर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, मॉर्फिनचा त्याहून जास्त. पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. पुढचे काही तास कॉटजवळून हलू नका.

पंप, सिरिंज, रिकाम्या ॲम्प्यूल आहेत तशा बाजूला ठेवा, फेकू नका. पंपाच्या आठवणीतली नोंद उतरवून घ्या. औषधाच्या किंवा उपकरणाच्या दुष्परिणामाची खबर भारतीय औषध संहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर देता येते, हॉस्पिटललाही आणि पेशंटलाही. केस पेपरची प्रत मागितल्यास ७२ तासांत मिळायला हवी, असा वैद्यकीय परिषदेचा नियम आहे.

ड्यूटी बदलताना आणि पंप काढताना

ओव्हर, म्हणजे पुढच्या ड्यूटीला पेशंटची माहिती, टेबलाशी बसून देऊ नका. जाणारी आणि येणारी, दोघींनी कॉटजवळ उभं राहून पंपाचा पडदा वाचायचा, सिरिंजमध्ये किती उरलं ते पाहायचं, नळी चाचपायची. त्याच वेळी औषधांचा कागद बघायचा: कोणी दुसऱ्या पानावर ट्रॅमाडॉलचं (हेही मॉर्फिनच्याच जातीचं वेदनाशामक) इंजेक्शन लिहून ठेवलंय का? उलटीसाठी किंवा खाजेसाठी झोप आणणारं काही दिलंय का? पंप सुरू असताना अशी औषधं भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. मळमळ, खाज, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास आहेत, सांगितले की त्यांवर उपाय होतो.

पेशंट तोंडाने खाऊ लागला की गोळ्या सुरू होतात. गोळीचा परिणाम सुरू झाल्यावरच पंप काढायचा, आधी नाही, नाहीतर मधल्या तासात तो तळमळतो. उरलेलं मॉर्फिन मोजून, दोघांच्या समोर नष्ट करून, रजिस्टरवर दोन सह्या. अमली पदार्थांसाठीच्या एनडीपीएस कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधं पेशंटपर्यंत पोहोचवणं सोपं व्हावं अशी सोय झाली. हिशेब चोख नसेल तर हॉस्पिटलं घाबरून ही औषधं ठेवायचीच बंद करतात, आणि त्याची किंमत पुढच्या कॅन्सरच्या पेशंटला मोजावी लागते.

पंप काढल्यावरही पहिले काही तास श्वास आणि गुंगी बघत राहायचं. घरी जाताना ट्रॅमाडॉलसारखी गोळी दिली असेल तर जुनी झोपेची गोळी परत सुरू करायची का, कधीपासून, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि ते कार्ड त्या रात्री पेशंटजवळ झोपणाऱ्या माणसाला वाचून दाखवा.